करडईच्या पाकळ्या, डाळिंबाची साल आणि बोअरचे पाणी: नैसर्गिक रंग कुठे जमतो, कुठे फसतो

हळदीचा डाग पडलेल्या कपड्यावर साबण फिरवला की पिवळा डाग क्षणात लाल होतो. लिंबू पिळले की पुन्हा पिवळा. तोच कपडा उन्हात वाळवला की डाग पुसट होत जातो. घरात सगळ्यांनी पाहिलेली ही गोष्ट म्हणजे नैसर्गिक रंगाच्या रसायनशास्त्राचा पहिला धडा आहे. रंगद्रव्य वनस्पतीतच असते, पण ते कोणता रंग दाखवेल, कपड्यावर बसेल की नाही आणि किती टिकेल, हे ते ज्या पाण्यात विरघळते त्या पाण्यावर फार अवलंबून असते.

हे आता सांगण्याचे कारण म्हणजे अलीकडे वाढलेली विचारणा. ‘रंगासाठी माल घेणारा एकजण भेटला आहे, एकरभर झेंडू लावू का?’, ‘बचत गटाला डाळिंबाच्या सालीची पावडर करायची आहे, चालेल का?’, ‘करडईच्या पाकळ्यांना खरंच मागणी आहे का?’ बारामती आणि इंदापूर या दोन्ही तालुक्यांतून असे प्रश्न येतात. माझे उत्तर बहुतेक वेळा एकच असते. केवळ रंगासाठी हातातले पीक मोडून वेगळी लागवड करू नका. जे पीक आधीच शेतात आहे आणि ज्याचा काही भाग वाया जातो, त्यातून सुरुवात करा. आणि त्याआधी तुमच्या पाण्याचा अहवाल काढून समोर ठेवा.

पाण्यात विरघळणारे आणि न विरघळणारे रंग

वनस्पतीतील रंगद्रव्यांचे ढोबळ गट लक्षात ठेवले तर पुढचे बरेच घोटाळे टळतात. जांभूळ, अंबाडीची बोंडे, गोकर्ण, जास्वंद, डाळिंबाचे दाणे यांचा लाल-निळा रंग अँथोसायनिनचा. तो पाण्यात सहज विरघळतो, पण आम्ल पाण्यात लाल, उदासीन पाण्यात जांभळट-निळा आणि क्षारयुक्त पाण्यात हिरवट होतो. बीट, लाल राजगिरा आणि लाल गराचे ड्रॅगन फ्रूट यांचा रंग बीटालेन या वेगळ्या गटातला. विशेष म्हणजे ज्या झाडात बीटालेन असते त्यात अँथोसायनिन नसते. बीटालेन ४ ते ६ सामूला चांगले टिकते, मात्र उष्णतेला फार नाजूक आहे. आपल्या भागात ड्रॅगन फ्रूटखालील क्षेत्र वाढते आहे आणि माळेगाव खुर्द येथील राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्थेने या पिकावर बरेच काम केले आहे. गराचा जॅम किंवा सिरप करताना रंग तपकिरी पडतो, त्यामागे बहुतेक वेळा जास्त उकळणे असते.

तिसरा गट कॅरोटिनॉइडचा. झेंडूतील ल्युटीन आणि गाजरातील कॅरोटीन तेलात विरघळतात, पाण्यात नाही. चौथा गट टॅनिनचा, म्हणजे हिरडा, बाभळीची साल, डाळिंबाची साल. ते गरम पाण्यात उतरते, आणि लोखंड भेटले की काळे होते.

करडई: एका फुलात दोन रंग

आपल्याकडील सगळ्यात शिकण्यासारखे उदाहरण करडईचे आहे. संस्कृतात तिला कुसुम्भ म्हणतात. मराठीत कुसुंबी हा रंगाचा शब्द त्यातूनच आला. ज्वारीच्या कडेने जनावरांना अडवण्यासाठी काटेरी करडईचे पट्टे घालण्याची पद्धत जुन्या शेतकऱ्यांना आठवत असेल. तेल आणि कोवळ्या पानांची भाजी हे तिचे उपयोग टिकले, रंगाचा मात्र विसरला गेला. १८५६ मध्ये विल्यम पर्किन यांनी पहिला कृत्रिम रंग तयार केला आणि त्यानंतरच्या काही दशकांत वनस्पतींच्या रंगांचा बाजार झपाट्याने आटला.

करडईच्या पाकळीत पिवळा रंग भरपूर असतो आणि तो थंड पाण्यात लगेच उतरतो. लाल रंग, म्हणजे कार्थामिन, वाळलेल्या पाकळीच्या वजनाच्या एक टक्क्याच्याही आत असतो आणि साध्या पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. क्षारयुक्त पाण्यात तो विरघळतो आणि पाणी पुन्हा आम्ल केले की बाहेर पडून कपड्याच्या धाग्यावर बसतो. विद्राव्यतेतल्या या फरकावर कुसुंबी रंगाची सगळी जुनी पद्धत उभी आहे. त्या काळी क्षारासाठी राखेचे निवळलेले पाणी वापरत आणि आम्लासाठी आंबट फळांचा रस. आज आपण धुण्याचा सोडा आणि लिंबू किंवा व्हिनेगर वापरतो, इतकाच फरक.

तोडणीची वेळही रसायनशास्त्रच ठरवते. नुकते उमललेले फूल पिवळे असते. ते कोमेजू लागले की पाकळीतील एका पूर्वद्रव्याचे ऑक्सिडेशन होऊन कार्थामिन तयार होते आणि फूल केशरी-लाल होते. म्हणून पाकळ्या फूल कोमेजून लालसर झाल्यावरच ओढाव्यात. तोपर्यंत परागीभवन झालेले असते, त्यामुळे बी भरण्यावर परिणाम होत नाही. म्हणजे बियाणे, तेल सगळे तुमचेच राहते आणि पाकळ्या वरकड मिळतात. अडचण काट्यांची. काटेरी वाणात पाकळ्या वेचायला मजूर तयार होत नाहीत, आणि तयार झाले तरी परवडत नाही. नीरेपलीकडे फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्थेने नारी-६ हा बिनकाट्याचा वाण आणि नारी-एनएच-१ हा बिनकाट्याचा संकरित वाण विकसित केला. पाकळ्यांचा विचार असेल तर वाणाची निवड पेरणीपूर्वीच करावी लागेल. सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा ते ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा ही कोरडवाहू करडईची पेरणीची वेळ.

लाल रंग काढण्याची घरगुती पद्धत अशी. वाळलेल्या १०० ग्रॅम पाकळ्या सुती कापडात सैल बांधून थंड पाण्यात भिजवा. पाण्यात आधी दोन-तीन चमचे व्हिनेगर घाला. चुरगाळा, पाणी बदला, पुन्हा चुरगाळा. पाणी जवळजवळ स्वच्छ निघेपर्यंत हे करायचे. पहिले पिवळे पाणी टाकू नका, तुरटी लावलेल्या रेशमावर किंवा लोकरीवर ते चांगले बसते. सुती कापडावर मात्र हा पिवळा टिकत नाही. मग पिळलेल्या पाकळ्या एक लिटर थंड पाण्यात घालून थोडा थोडा धुण्याचा सोडा मिसळा, सामू १० ते ११ येईपर्यंत. सामू तपासायच्या कागदी पट्ट्या प्रयोगशाळा साहित्याच्या दुकानात मिळतात. अर्ध्या-पाऊण तासात पाणी गडद लालसर तपकिरी होते. ते गाळून त्यात ओले सुती कापड बुडवा आणि लिंबाचा रस हळूहळू घालत सामू ६ च्या खाली आणा. फेस येतो आणि बघता बघता पाण्यातला लाल कापडावर चढतो. हे सगळे थंड पाण्यात आणि एका बैठकीतच करायचे. क्षारयुक्त पाण्यात कार्थामिन रात्रभर ठेवले किंवा गरम केले तर ते मोडते. सकाळी तपकिरी पाणी हातात येते.

सोड्याच्या पाण्याने हात चिरतात, हातमोजे घालावेत.

बोअरच्या पाण्याने नेमके काय होते

वरची पद्धत पावसाच्या पाण्यात किंवा आरओच्या पाण्यात पहिल्याच वेळी जमते. बोअरच्या पाण्यात अनेकांना जमत नाही आणि दोष पाकळ्यांना दिला जातो. काय घडते ते पाहू.

नीरा डाव्या कालव्याच्या लाभक्षेत्रात आणि इंदापूरच्या भारी काळ्या जमिनींच्या पट्ट्यात अनेक विहिरी-बोअरचे पाणी जड असते. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट असतात, काही ठिकाणी सोडियमही जास्त. ठिबकच्या तोट्यांवर साचणारा पांढरा थर तुम्ही पाहता, त्यासाठी ठिबकला आम्लाची प्रक्रिया करता. रंगाच्या भांड्यात तेच क्षार आणि तेच रसायनशास्त्र काम करत असते.

करडईचा पिवळा रंग धुऊन काढताना पाणी आधीच क्षारधर्मी असेल, तर त्याबरोबर थोडा थोडा लालही निसटतो आणि पिवळ्या पाण्याबरोबर वाहून जातो. आधीच एक टक्क्याच्या आत असलेला माल आपण नकळत ओतून देतो. पहिल्या पाण्यात व्हिनेगर घालायचे ते याचसाठी. पुढे सोडा टाकला की जड पाण्यातील कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपात पांढरे दही फुटल्यासारखे खाली बसते. सोडा तिथेच खर्च होतो, सामू हवा तेवढा चढत नाही, आणि ही पांढरी पूड कापडावर बसून रंग मळकट दिसतो.

‘मग पाणी उकळून घेऊ’ असे पुष्कळजण म्हणतात. उकळल्याने जडपणाचा काही भाग खाली बसतो हे खरे. पण त्याच वेळी पाण्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि सामू वाढतो. ज्या पाण्यात सोडियम बायकार्बोनेट जास्त आहे ते उकळून थंड केल्यावर आधीपेक्षा जास्त क्षारधर्मी झालेले असते. म्हणून उकळलेल्या पाण्याचाही सामू तपासल्याशिवाय ते वापरू नये.

घरच्या घरी अंदाज घ्यायचा असेल तर लाल जास्वंदीच्या पाकळ्या थोड्या गरम पाण्यात चुरगाळून गडद अर्क करा. तीन काचेच्या ग्लासांत पावसाचे, कालव्याचे आणि बोअरचे पाणी घेऊन प्रत्येकात हा अर्क सारखाच घाला. पाणी जितके क्षारधर्मी तितका रंग जांभळ्याकडून हिरवटपणाकडे सरकतो. गटातील महिलांना पाण्याचा सामू समजावून सांगायला विस्तार कार्यकर्त्यांना यापेक्षा स्वस्त प्रात्यक्षिक मिळणार नाही. मात्र निर्णय अहवालावरच घ्यावा. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात माती-पाणी तपासणीची सोय आहे. अहवालात सामू, विद्युत वाहकता, बायकार्बोनेट, कॅल्शियम-मॅग्नेशियम आणि लोह हे आकडे बघा. फळबागेसाठी दोन-तीन वर्षांपूर्वी काढलेला अहवाल घरात पडून असेल, तर सुरुवातीला तोही चालेल, पण तो पावसाळ्यानंतरचा आहे की एप्रिल-मे मधला, एवढे पाहून घ्या. उन्हाळ्यात क्षार वाढलेले असतात.

छपरावरचे पावसाचे पाणी दोन टाक्या भरून ठेवले तर गटाच्या पातळीवरचे काम भागते. पहिल्या एक-दोन पावसांचे पाणी सोडून द्यावे.

डाळिंबाची साल: लाल फळ, पिवळा रंग

भगवा डाळिंबाची साल लालभडक दिसते, म्हणून कापडही लाल होईल अशी अपेक्षा असते. तसे होत नाही. सालीवरचा लाल अँथोसायनिनचा असतो आणि तो गरम पाण्यात, क्षारात टिकत नाही. कापडावर बसतो तो टॅनिनचा पिवळा. तुरटीबरोबर सोनेरी पिवळा, हिराकशीबरोबर राखाडी ते काळा. आणि सालीचे खरे मोल याहून वेगळे आहे. सुती धाग्यावर तुरटी नीट धरत नाही. आधी टॅनिन बसवले की तुरटीतील ॲल्युमिनियम त्याला धरून राहते आणि त्यावर दुसरा कोणताही रंग पक्का होतो. हिरड्याचे काम डाळिंबाची साल करते. १०० ग्रॅम सुती कापडाला १५ ते २० ग्रॅम सालीची पूड आणि त्यानंतर साधारण १५ ग्रॅम तुरटी, या प्रमाणापासून सुरुवात करावी.

फळाच्या वजनाचा एक तृतीयांश ते निम्मा भाग साल असते. तडकलेली, उन्हाने डागाळलेली, बाजारात न चालणारी फळे आणि दाणे सोलणाऱ्या युनिटमधली साल हा कच्चा माल. येथे तीन गोष्टी सांभाळा. तेल्याग्रस्त फळांचा ढीग सालीच्या मोहापायी बागेच्या कडेला साठवू नका, त्यातून रोग पसरतो. अशी फळे नेहमीप्रमाणे नष्टच करावीत. दुसरे, बोर्डो मिश्रण किंवा कॉपरयुक्त बुरशीनाशक फवारलेली साल न धुता वापरली तर तांब्यामुळे पिवळा रंग हिरवट-तपकिरीकडे झुकतो, शिवाय अवशेषांचा प्रश्न उरतोच. तिसरे, भांडे. एका प्रात्यक्षिकात मी स्वतः ही चूक केली आहे. सगळे साहित्य नेले, भांडे विसरलो, यजमानांनी घरातली लोखंडी कढई दिली आणि तीस बायकांसमोर सोनेरी पिवळ्याऐवजी काळपट राखाडी रंग निघाला. स्टीलचे किंवा कल्हई केलेले भांडेच घ्यावे. बोअरच्या पाण्यात लोह जास्त असेल तर स्टीलच्या भांड्यातही असेच होते.

सालीचा अर्क दोन-चार दिवस ठेवला की तळाशी पिवळसर गाळ बसतो. तो नासल्याची खूण असेलच असे नाही. सालीतील प्युनिकॅलाजिन नावाचे टॅनिन पाण्यात चांगले विरघळते, पण ते हळूहळू मोडून इलॅजिक आम्ल तयार होते आणि हे आम्ल पाण्यात फार थोडे विरघळते. आंबट-कुबट वास किंवा बुरशी नसेल तर अर्क गाळून वापरता येतो. तरीही अर्क साठवण्यापेक्षा पूड साठवणे केव्हाही सोयीचे.

दसऱ्यानंतरचा झेंडू

दसरा-दिवाळी संपली की उरलेल्या झेंडूचे काय, हा दरवर्षीचा प्रश्न. झेंडूतील ल्युटीन तेलात विरघळते. ते काढायला द्रावक लागते, कारखाना लागतो. दक्षिण भारतातील असे कारखाने ठरावीक वाणांची करारावर लागवड करून घेतात. हाराच्या झेंडूचा उरलेला माल ते उचलतील हे गृहीत धरून लागवड वाढवू नये. मात्र झेंडूत पाण्यात उतरणारी फ्लॅव्होनॉइड रंगद्रव्येही असतात आणि तुरटी लावलेल्या कापडावर तीच पिवळा रंग देतात. गटाच्या पातळीवर उपयोगी पडेल ते हे. पाकळ्या देठापासून वेगळ्या करून सावलीत वाळवाव्यात. अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या खाद्यात वाळलेल्या पाकळ्यांनी बलकाचा रंग सुधारतो, पण फुलांवर शेवटची फवारणी कशाची आणि केव्हा झाली हे माहीत नसेल तर ती कोंबड्यांना घालू नयेत.

अँटिऑक्सिडंट म्हणजे औषध नव्हे

डाळिंबाची साल, करडईच्या पाकळ्या, जांभूळ यांच्या पाकिटांवर हल्ली ‘भरपूर अँटिऑक्सिडंट’ असे छापलेले असते. प्रयोगशाळेत हे कसे मोजतात ते समजून घ्या. डीपीपीएच नावाच्या रसायनाचे द्रावण जांभळे असते. त्यात वनस्पतीचा अर्क घातला आणि अर्कातील द्रव्याने त्याला इलेक्ट्रॉन किंवा हायड्रोजन दिला की जांभळा रंग पिवळसर होतो. रंग किती उतरला हे स्पेक्ट्रोफोटोमीटरवर ५१७ नॅनोमीटरला मोजतात. परीक्षानळीतील हा आकडा अर्क पाण्यात काढला की अल्कोहोलमध्ये, किती तापमानाला, किती वेळ, यावर बदलतो. दोन वेगळ्या पद्धतींनी काढलेल्या आकड्यांची तुलना करता येत नाही, आणि त्यावरून शरीरातला कोणताही आजार बरा होतो असे सिद्ध होत नाही. पाकिटावर तसा दावा छापणे कायद्यानेही अडचणीचे आहे.

शेतकऱ्याच्या कामाची गोष्ट वेगळीच आहे. जे द्रव्य सहज इलेक्ट्रॉन देते ते हवेतल्या ऑक्सिजनलाही देते आणि स्वतः संपते. म्हणजे चांगला अँटिऑक्सिडंट हा साठवणुकीत नाजूक माल. ऊन, ओल आणि हवा या तिन्हींपासून त्याला जपावे लागते. पाकळ्या आणि साल सावलीत किंवा सोलर ड्रायरमध्ये काळे कापड टाकून वाळवा, ओलावा १० टक्क्यांच्या खाली आणा, हवाबंद आणि अपारदर्शक डब्यात भरा. छतावर प्लास्टिकवर पसरून दोन दिवसांत वाळवलेल्या करडईच्या पाकळ्या दिसायला छान असतात, रंग काढायला घेतले की कळते.

ब्रिक्सच्या आकड्याने फसू नका

ऊस, द्राक्ष, डाळिंब यांमुळे हातातला रिफ्रॅक्टोमीटर आपल्या ओळखीचा आहे. काहीजण रंगाच्या अर्काची ताकदही त्यावर मोजतात. हे उपकरण द्रावणातून जाताना प्रकाश किती वळतो ते मोजते, आणि साखर, क्षार, आम्ल, टॅनिन असे जे जे विरघळले आहे त्या सगळ्याचा त्यात वाटा असतो. जड पाण्यात काढलेला अर्क किंवा ज्यात मीठ-सोडा पडला आहे तो अर्क जास्त ब्रिक्स दाखवेल, रंग मात्र कमी असेल. रंग मोजायचा तर प्रकाश किती शोषला गेला ते मोजावे लागते, त्यासाठी स्पेक्ट्रोफोटोमीटर लागतो. पदवीच्या विज्ञान महाविद्यालयांतील रसायनशास्त्र विभागात तो सहसा असतो. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पासाठी तुमचे नमुने द्यायची तयारी दाखवली तर दोघांचेही काम होते. तेवढे नको असेल तर अर्कात दहा पट पावसाचे पाणी घालून पांढऱ्या वाटीत जुन्या नमुन्याशेजारी ठेवून बघा. गडद अर्कांतला फरक डोळ्यांना कळत नाही, पातळ केल्यावर कळतो.

माल देण्याआधी

खरेदीदार ओलाव्याची मर्यादा किती धरतो, कीडनाशक अवशेषांचा अहवाल मागतो का, रंगाची ताकद कोणत्या पद्धतीने मोजतो आणि नापास मालाचे काय करतो, या चार गोष्टी कागदावर लिहून घेतल्याशिवाय पाच किलोच्या वर माल तयार करू नका. खाण्याच्या पदार्थासाठी रंग म्हणून विकायचे असेल तर एफएसएसएआयचा परवाना आणि त्यांच्या परवानगीच्या यादीत ते द्रव्य असणे आवश्यक आहे. कापडासाठी केलेली पूड त्यात चालत नाही. आणि करडईच्या पाकळ्या करडईच्याच नावाने विका. केशर म्हणून किंवा केशरात मिसळून विकणे ही भेसळ आहे.

रंगवलेल्या कापडाची एक पट्टी अर्धी जाड पुठ्ठ्याखाली झाकून आठ दिवस उन्हात ठेवा आणि मग दोन्ही भाग शेजारी धरून पाहा. करडईचा लाल यात उतरलेला दिसेल, तो मुळातच उन्हाला कच्चा आहे. ग्राहकाला तसे आधी सांगून टाकावे. डाळिंबाच्या सालीचा पिवळा बराच बरा टिकतो. पट्टीच्या मागे पाणी कुठले, त्याचा सामू किती, भांडे कोणते आणि पाकळ्या किंवा साल कधी वाळवली हे पेनाने लिहून ठेवा. पुढच्या खेपेला रंग वेगळा आला तर कारण त्या चार ओळींत सापडते.